वस्तरा चकाकवू नका

वडिलांचं वर्षश्राद्ध आटोपून मी सुट्टीवरून परत निघालो तेव्हा आईने एक पत्र्याचा डबा माझ्या बॅगेत कोंबला. "आबांचा वस्तरा हाय. हितं ओलीनं गंजंल. तुझ्याकडं राहू दे." मी सध्या आसामात आहे. नेमकं कुठे ते नेहमीप्रमाणे लिहीत नाही. इथे पावसाळ्यात बुटांना दोन दिवसांत बुरशी येते आणि पाकिटातली बिस्किटं आपोआप मऊ पडतात. सातारच्या ओलीपासून वाचवायला वस्तू आसामात पाठवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण निघताना आईशी वाद घालायचा नसतो, हा नियम मी सव्वीस वर्षं पाळत आलोय.

त्या वस्तऱ्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. आबा, म्हणजे माझे आजोबा, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. तिथे एक जर्मन अधिकारी शरण आला, त्याच्या पिशवीतून हा वस्तरा आबांच्या हाती लागला. आम्ही जातीने नाभिक. चुलत घराणी गावात बलुतं करत होती, आणि आबांनी मात्र वस्तरा खाली ठेवून बंदूक उचलली, असं वडील सांगायचे. म्हणून शत्रूचा वस्तरा घरात आला याचं त्यांना विशेष कौतुक. भोपाळला एसएसबीच्या मुलाखतीत घरची पार्श्वभूमी विचारली, तेव्हा मी हीच गोष्ट छाती काढून सांगितली होती. एनडीएत पहिल्या टर्मला रगडा लागायचा तेव्हा रात्री अंथरुणात मला आबांची ती काल्पनिक रायफल आठवायची. काल्पनिक हा शब्द मी आज वापरतोय. तेव्हा ती खरी होती.

मेसमध्ये तो डबा उघडला तेव्हा आमचा एक तरुण कॅप्टन खूश झाला. त्याला जुन्या चीजवस्तूंचा नाद आहे. तो म्हणाला, "सर, बफिंग व्हीलवर धरला की आरसा होईल. मूठ नवी बसवू. मेसच्या भिंतीवर शॅडो बॉक्समध्ये काय दिसेल!" फौजीच्या रक्तात चकाकी असते. बक्कल, बॅज, बूट, सगळ्यांत तोंड दिसलं पाहिजे. मला त्याचं म्हणणं पटलं. त्या रात्री मी पितळ चकाकवायची पॉलिश आणि चिंदी घेऊन बसलो आणि पात्याची एक बाजू वीस मिनिटं घासली. बाजू लखलखली. मला फार बरं वाटलं.

ते वीस मिनिटांचं काम हा या लेखाचा विषय आहे. ते मी करायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भिंग घेऊन मी वस्तऱ्याच्या मानेवरचा ठसा वाचायला बसलो. पातं आणि शेपटी यांच्यामधला जो जाड भाग असतो त्याला मी मान म्हणतोय. कारखान्याचं नाव बहुतेक तिथेच ठोकलेलं असतं. ज्यांच्या घरी असा वस्तरा असेल त्यांनी पहिल्यांदा तिथे पाहावं. आमच्या वस्तऱ्यावर एक चांदणी आणि तिच्याशेजारी माल्टीज क्रॉस होता. खाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स, कटलर्स टू हिज मॅजेस्टी, आणि त्याखाली शेफील्ड, इंग्लंड.

म्हणजे जर्मन नव्हताच. जर्मन वस्तऱ्यांचं गाव म्हणजे झोलिंगेन. तिथल्या मालावर सहसा त्या गावाचं नाव असतं, आणि १९३८ साली तर जर्मनीने ते नाव कुणी वापरावं यासाठी स्वतंत्र कायदाच केला. शेफील्डचा माल ही इंग्लंडची शान. त्यात रॉजर्स हे नाव हिंदुस्थानात इतकं चालायचं की जुन्या घरांत आजही रॉजर्सचा चाकू निघतो. चांदणी आणि क्रॉस ही त्यांची अठराव्या शतकापासूनची खूण.

सालही ठशावरूनच बरंचसं कळतं. 'इंग्लंड' असा देशाचा उल्लेख आहे. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्यात आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर हे शब्द मालावर सर्रास दिसू लागले. त्याआधी ब्रिटननेही १८८७ साली कायदा केला होता, कारण परदेशी स्वस्त मालावर शेफील्डची नावं छापून येत होती. आता 'हिज' हा शब्द बघा. व्हिक्टोरिया राणी १९०१ साली वारली, तोवर ते 'हर' होतं. पुढे १९५२ साली एलिझाबेथ आली आणि पुन्हा 'हर' झालं. म्हणजे 'इंग्लंड' आणि 'हिज' हे दोन्ही शब्द एकत्र असलेला वस्तरा या पन्नास वर्षांतला. एका सर्वनामाने एवढं काम केलं. मात्र एक सावधगिरी हवी. रॉजर्ससारख्या गाजलेल्या नावांच्या नकला पूर्वीपासून होत आल्या आहेत, त्यामुळे एकट्या ठशावर विसंबू नये. ठसा, घडण, मूठ आणि झीज हे चारही साक्षीदार एकच सांगतात का ते बघावं.

सरकारी माल असता तर ब्रिटिश सरकारची ती तीन रेघांची बाणाची खूण कुठेतरी असती. जुन्या इशूच्या वस्तूंवर ती असते, आणि वस्तऱ्याच्या मुठीवर पुष्कळदा सैनिकाचा नंबरही ठोकलेला असतो. आमच्या वस्तऱ्यावर बाण नाही, नंबर नाही. म्हणजे तो इशूचा नाही. कुणीतरी पदरचे पैसे घालून घेतलेला आहे.

मूठ काळी आहे. आधी वाटलं प्लास्टिक. जुन्या मुठी हस्तिदंताच्या, हाडाच्या, शिंगाच्या, लाकडाच्या, सेल्युलॉइडच्या किंवा काळ्या कडक रबराच्या असतात. हाडावर बारीक काळे ठिपके दिसतात. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या पुसट कमानी दिसतात. सेल्युलॉइड बोटाने जोरात चोळलं तर कापरासारखा वास येतो, रबराला गंधकाचा. तापलेली सुई टोचून बघा असं काही जण सुचवतात. ते चुकूनही करू नये, सेल्युलॉइड भडकन पेटतं. आमची मूठ उजेडासमोर धरली तर कडेला तपकिरी झाक आणि आत तंतू दिसतात. म्हशीचं शिंग. शेफील्डचे कारखाने शिंग हिंदुस्थानातूनही मागवत. आपल्याकडच्या कुठल्या तरी म्हशीचं शिंग समुद्रापार जाऊन इंग्रजी वस्तऱ्याची मूठ होऊन परत आलं असेल, या कल्पनेने मला हसू आलं.

इथवर माझं संशोधन मजेचं होतं. जर्मन अधिकाऱ्याची गोष्ट गेली याचं थोडं वाईट वाटलं, पण घरोघरच्या गोष्टींना चार पानं जास्तीची असतातच. शरण आलेल्या माणसाकडे इंग्रजी वस्तरा नसेलच असं कुठे आहे, अशी मी स्वतःची समजूतही घातली.

मग मंगळवारी केस कापून घेताना मी तो वस्तरा आमच्या युनिटच्या हेअर ड्रेसरला दाखवला. नायक आहे, बिहारचा, पिढीजात काम. हल्ली हे लोकसुद्धा अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा वापरतात. एड्सची जाणीव आल्यावर जुने वस्तरे देशभरातल्या दुकानांतून गेले, आणि ते योग्यच झालं. पण त्याने वडिलांच्या हाताखाली जुना वस्तरा चालवलेला होता. त्याने हात पुसले, वस्तरा दोन्ही हातांत घेतला, उघडला, आणि ठशाकडे बघितलंसुद्धा नाही. पाठीवरून अंगठा फिरवला, पातं डोळ्यासमोर आडवं धरलं.

"साहब, यह किसका है?"

"मेरे दादाजी का."

"दादाजी नाई थे?"

मी म्हणालो, नाही, फौजी होते. तो गप्प झाला. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "साहब, अपनी दाढ़ी बनाने वाला साल में एक-दो बार पत्थर लगाता है. इसने तो रोज़ पत्थर देखा है. यह एक आदमी की दाढ़ी का नहीं है, पूरी कंपनी का है."

त्याने मला जे दाखवलं ते आता मी नीट समजून घेतलंय, म्हणून सांगतो. वस्तरा दगडावर धरतात तेव्हा तो सपाट टेकवतात. धार आणि पाठ दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात. पाठीच्या जाडीमुळेच धारेचा कोन ठरतो, साधारण सोळा-सतरा अंशांचा. त्यामुळे दरवेळी धारेबरोबर पाठही थोडी झिजते आणि तिच्या दोन्ही कडांना सपाट पट्ट्या पडतात. घरगुती वस्तऱ्यावर या पट्ट्या दोऱ्याएवढ्या असतात. आबांच्या वस्तऱ्यावर त्या भाताच्या शितापेक्षा रुंद आहेत. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या हिश्शात मोजतात. पाच अष्टमांश म्हणजे सुमारे सोळा मिलिमीटर हे नेहमीचं माप. मी वर्कशॉपमधून व्हर्नियर मागवला. आमचं पातं मध्यभागी अकरा मिलिमीटर भरलं. चामड्यावर परजून पोलाद असं जात नाही. एवढं पोलाद जायला दगड लागतो, आणि वर्षानुवर्षं लागतो. मुठीची एक रिव्हेट मूळची नाही, तिथे तांब्याची तार ठोकून बसवली आहे. म्हणजे वस्तरा तुटला, आणि थांबायला वेळ नव्हता.

संध्याकाळी मी आत्याला फोन केला. ती ऐंशीच्या आसपास आहे, गावीच असते, कान तल्लख आहेत. मी सरळ विचारलं, "आत्या, आबा पलटणीत काय करायचे?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?"

"वस्तऱ्यानं."

"दादानं शपथ घातली व्हती रं. आता दादाच न्हाई, तर कसली शपथ." मग तिने सांगितलं. आबा पलटणीचे न्हावी होते. कागदोपत्री फॉलोअर. भिस्ती, धोबी, स्वयंपाकी, झाडूवाले, तसेच न्हावी. इटलीला ते खरोखरच गेले होते. चिखलात, थंडीत, पलटण जाईल तिथे धोकटी घेऊन. वस्तरा त्यांनी जाण्याआधी घेतला होता, उसने पैसे काढून. "म्हनायचे, साहेबाच्या गालाला हलकं पोलाद लावू न्हाई." परत आल्यावरही गावातल्या माणसांची दाढी ते त्याच वस्तऱ्याने करायचे, शेवटपर्यंत. वस्तरा त्यांनी कधीच खाली ठेवला नव्हता. माझे वडील शाळेत होते तेव्हा पोरं त्यांना 'धोकटी' म्हणून चिडवायची. पुढे ते शिक्षक झाले, आणि मी सैनिक शाळेत जायच्या वयाचा झालो तेव्हा कधीतरी आबांच्या हातात रायफल आली. "तुला लाज वाटू न्हाई म्हनून रं. त्याला आबांची लाज न्हवती. तुला वाटंल ह्याची भीती व्हती."

आत्याच्या ट्रंकेतला कागद चुलतभावाने फोटो काढून पाठवला. घड्या पडलेला डिस्चार्जचा कागद. हुद्द्याच्या जागी इंग्रजीत एकच शब्द आहे. बार्बर.

वडिलांचा मला राग आला का, असं बायकोने विचारलं. दोन दिवस आला. मग मी विचार केला की एसएसबीच्या त्या मुलाखतीत मला खरं माहीत असतं तर मी काय सांगितलं असतं? सतराव्या वर्षी, समोर तीन रांगांची मेडल्स लावून बसलेला अधिकारी? मी 'आजोबा सैन्यात होते' एवढंच म्हणून गप्प बसलो असतो. वडिलांनी माझ्या वतीने आधीच गप्प बसून घेतलं. तेव्हा त्यांना दोष देण्याआधी मला स्वतःकडे बघावं लागतं.

आता माझं मत सांगतो.

वारशात आलेली वस्तू ओळखायची असेल तर घरची गोष्ट बाजूला ठेवून आधी वस्तू वाचावी. गोष्ट टाकून द्यायची नाही. तीही लिहून ठेवायची, पण वस्तूच्या शेजारी, वस्तूच्या जागी नाही. गोष्ट सांगणाऱ्याला काहीतरी हवं असतं, अभिमान किंवा दिलासा. पात्याच्या पाठीवरच्या पट्टीला काहीच हवं नसतं.

दुसरं असं की झीज हा वस्तूवरचा डाग नव्हे, ती वस्तूची सर्व्हिस बुक आहे. माझ्या कॅप्टनच्या सल्ल्याप्रमाणे बफिंग झालं असतं तर पाठीच्या पट्ट्या गोल होऊन गेल्या असत्या. नवी मूठ बसली असती तर तांब्याची तार गेली असती. भिंतीवर एक सुंदर शेफील्डचा वस्तरा लटकला असता आणि खाली पितळी पाटीवर लिहिलं असतं, जर्मन अधिकाऱ्याकडून हस्तगत, इटली. माझ्या नातवानेही तेच वाचलं असतं. खोटं पक्कं करायला दुसरं काही करावं लागत नाही. पुरावा चकचकीत करायचा, बस.

माझं नुकसान झालंच आहे. डबा उघडला त्या दिवशीचा मोबाइलवरचा एक धूसर फोटो आहे. त्यात मानेजवळ, मी घासलेल्याच बाजूला, सुईने ओरखडल्यासारख्या बारीक रेघा दिसतात. एखादं अक्षर असेल, आकडा असेल, पलटणीत वस्तरे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून केलेली खूण असेल. आता तिथे दोन रेघा उरल्या आहेत आणि त्यांत माझं तोंड दिसतं. आबांच्या हातची ती एकुलती एक लिखावट असू शकत होती. ती मी पुसली, प्रेमाने, वीस मिनिटं बसून.

उलट बाजूही ऐकून घेतली पाहिजे. कॅप्टन म्हणतो, सर, गंजकी वस्तू पुढची पिढी भंगारात टाकते, चकाकणारी ठेवते. यात तथ्य आहे. माझाच मुलगा त्या काळ्या पात्याकडे बघून "ई, टिटॅनस" म्हणाला होता. शिवाय बाजारात असे वस्तरे ढिगाने मिळतात. त्यांतला एखादा घेऊन कुणी आरशासारखा केला आणि रोज त्याने दाढी केली तर मला आनंदच आहे. वस्तू वापरात राहणं हीसुद्धा एक जपणूक आहे. पण ज्या वस्तूचा माणूस आपल्याला ठाऊक आहे, किंवा ठाऊक व्हायचा आहे, तिला हा नियम लावू नये. आणि मुलाचं म्हणाल तर हेअर ड्रेसरने जे मला दाखवलं ते मी त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. भाताच्या शिताचं माप सांगितलं. त्यानंतर त्याने विचारलं, "म्हणजे किती दाढ्या?" भंगाराची भाषा पुन्हा निघाली नाही.

तिसरं मत फौजेबद्दल आहे, आणि ते जरा टोचणारं आहे. आपण शस्त्रं जपतो. कुठल्याही रेजिमेंटच्या संग्रहालयात जा, शत्रूच्या बंदुका आणि तलवारी व्यवस्थित चिठ्ठ्या लावून मांडलेल्या असतात. इटलीत मराठा पलटणीच्या दोन जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै १९४४ मध्ये यशवंत घाडगे, मरणोत्तर, आणि एप्रिल १९४५ मध्ये नामदेव जाधव. त्यांची नावं प्रत्येक मराठी सैनिकाला पाठ असावीत, आणि असतात. त्यांच्या शेजारी आबांना उभं करायचा माझा हेतू नाही. आबांनाही ते आवडलं नसतं. पण लढणाऱ्या माणसाची दाढी, केस, नखं कुणीतरी बघतच होतं. हा शोभेचा मामला नव्हता. दाढी वाढली की गॅस मास्क गालाला घट्ट बसत नाही. अंगावर, कपड्यांत उवा झाल्या की टायफसची भीती. १९४३-४४ च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात टायफसची साथ आली होती, ती उवांमुळेच पसरते. पलटणीचा न्हावी हा तिच्या आरोग्य व्यवस्थेचा एक हात होता. त्याच्या वस्तऱ्याला कुठल्या काचेच्या कपाटात जागा आहे?

आमच्या समाजातही हेच होतं. आम्ही जिवा महाला सांगतो, शिवा काशीद सांगतो. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' हे मला चालायला यायच्या आधी ऐकवलं गेलं असेल. दोघांचाही मला अभिमान आहे. पण आपल्यातला माणूस मोठा ठरायला त्याने हातात तलवारच घ्यावी लागते, असा त्या सांगण्याचा एक छुपा अर्थ माझ्या वडिलांपर्यंत पोहोचला होता. वस्तरा धरलेला हात त्यांना पुरेसा वाटला नाही. म्हणून त्यांनी त्यात रायफल दिली.

आज ट्रेड्समन रंगरूट म्हणून हत्यार शिकूनच बाहेर पडतो, त्याचा गणवेश तोच असतो. बदल झाला आहे आणि तो मोठा आहे. तरीही माझ्या वाचकांत जे अधिकारी आहेत त्यांनी स्वतःला विचारावं: युनिटच्या इतिहासाच्या वहीत मागच्या वीस वर्षांत हेअर ड्रेसरचं, धोब्याचं, सफाईवाल्याचं नाव किती वेळा आलं? माझ्या युनिटचं उत्तर मी तपासलं. सांगण्यासारखं नाही. या वर्षीपासून ती नोंद सुरू केली आहे.

आता ज्यांच्या घरी असा वस्तरा आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. धार गेलेली दिसली तरी तो कापतो, तेव्हा उघडताना मान आणि शेपटी धरा, पातं नाही. घासण्याआधी दोन्ही बाजूंचे उन्हात आडव्या उजेडात फोटो काढा, बारीक ओरखडे तसेच दिसतात. चिंच, लिंबू, रांगोळी, भांड्यांची पावडर, पितळेची पॉलिश यांतलं काही लावू नका. काळसर, निळसर थर हा स्थिर असतो, तो राहू द्या. तांबडा, भुरभुरणारा गंज तेवढा थांबवायचा. हलकं खनिज तेल, शिलाई मशीनचं चालेल, लावून रात्रभर ठेवा आणि दात कोरायच्या लाकडी काडीने हळूच खरवडा. बफिंग व्हीलवर पातळ धार क्षणात तापते, पोलादाचं पाणी उतरतं, आणि ठसाही जातो.

मग कापडाच्या चिंदीने तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, रायफलच्या बॅरलला देतो तसा. खोबरेल किंवा गोडेतेल नको, ते काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरतं. चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला खातात. मूठ सेल्युलॉइडची असेल तर वस्तरा इतर वस्तूंपासून वेगळा, हवेशीर जागी ठेवा. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्ल वायू सुटतात आणि पातं गंजतं.

शिंगाचं दुखणं वेगळं. लोखंडाला कोरडं हवं, शिंगाला बेताची ओल. लडाखच्या पोस्टिंगमध्ये माझ्या खुकरीची शिंगाची मूठ एका हिवाळ्यात उभी तडकली होती. शिवाय शिंग हे नखासारखंच, त्याला कसर लागते. म्हणून मी वस्तरा सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोनच पुड्यांसह ठेवतो आणि महिन्यातून एकदा उघडून बघतो. मूठ हस्तिदंताची निघाली तर ती जपा, पण विकायचा विचार करू नका. आपल्याकडे तो व्यापार कायद्याने बंद आहे.

शेवटची गोष्ट चिठ्ठीची. डब्यात मी एक कागद ठेवला आहे. त्यावर ठसा काय सांगतो ते, पात्याची मापं, तांब्याच्या तारेची नोंद, आत्याने सांगितलेलं तिच्या शब्दांत, डिस्चार्जच्या कागदाची प्रत आहे. जर्मन अधिकाऱ्याची गोष्टही लिहिली आहे, आणि ती कुणी, कुणासाठी रचली तेही. एका बाजूची चकाकी माझी आहे, हेही लिहिलं आहे, तारखेसह.

परवा हेअर ड्रेसरने विचारलं, "साहब, धार लगा दूँ? बस एक बार." मी नको म्हणालो. दगडाला लावला की आणखी थोडे आबा जातील. त्याला ते लगेच कळलं. त्याने पातं मिटवलं आणि वस्तरा मूठ माझ्याकडे करून परत दिला.